प्रवासाआधी कोणती भाषा शिकावी? बेळगाव-सीमाभागातल्या मराठी प्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ, कारवार या पट्ट्यातल्या मराठी घरांत सहलीचा बेत ठरला की गाडी, मुक्काम, देवदर्शनाची वेळ सगळं चोख बघितलं जातं. भाषेचं मात्र "बघू, हिंदी हाय की" एवढ्यावर सोडून दिलं जातं. खालची उत्तरं बस, खानावळ, रिक्षा आणि बाजार यांपुरती आहेत. साहित्य वाचण्याइतकी भाषा हवी असेल तर त्याचा मार्ग वेगळा.

लिहिण्याबद्दल एक सूचना. कन्नड, तेलुगू, तमिळ आणि मल्याळम या भाषांत ए आणि ओ हे ऱ्हस्वही असतात. ते इथे ऎ, ऒ असे आणि मात्रेत कॆ, कॊ असे लिहिले आहेत. ही खूण दिसली की स्वर तोकडा करायचा.

हिंदी सगळीकडे चालते ना? मग आणखी एक भाषा कशाला?

सगळीकडे चालत नाही. २०११च्या जनगणनेत हिंदी ही मातृभाषा सांगणारे ४३.६३ टक्के होते, आणि भोजपुरी, राजस्थानी अशा कितीतरी बोली त्याच आकड्यात मोजल्या गेल्या. आपण बहुतेकदा ज्या दिशेला जातो, म्हणजे दक्षिणेला, तिथे हिंदी शहराच्या एका थरापर्यंतच पोचते. हैदराबाद, बिदर, कलबुर्गी इथे दखनीमुळे, म्हणजे दक्षिणेतल्या उर्दू-हिंदी बोलीमुळे, काम सहज होतं. बेंगळुरूत दुकानं आणि टॅक्सी निभावतात. तमिळनाडूत मात्र सरकारी शाळांत १९६८पासून तमिळ आणि इंग्रजी अशा दोनच भाषा आहेत, त्यामुळे तिथल्या गावातल्या कंडक्टरशी हिंदीत बोलून काही हाती लागत नाही. केरळात उलटीच गंमत. हॉटेलातला वाढपी बंगाल किंवा आसामचा असतो, त्याला हिंदी येते; पण बसमधल्या आजीला आणि चहाच्या टपरीवाल्याला येईलच असं नाही.

इतकं लांब कशाला, आपल्याच जिल्ह्यात रामदुर्ग, सौंदत्ती, बैलहोंगल भागातल्या खेड्यांत म्हाताऱ्या माणसांशी कन्नडशिवाय बोलणं पुढे सरकत नाही.

आणि आपली हिंदी म्हणजे बरीचशी दखनी. "मेरेकू नक्को" हे हैदराबादेत घरचं वाटतं, लखनौत लोक हसतात. समजतं मात्र दोन्हीकडे.

भाषा निवडायची तरी कशी? नकाशा बघून?

नकाशा शेवटी. आधी एक कागद घ्या आणि प्रवासाच्या प्रत्येक दिवसासमोर लिहा: आज मी कोणाकोणाशी बोलणार? कंडक्टर, रिक्षावाला, खानावळ, लॉजचा पोऱ्या, फुलं-नारळवाला, बाजारातली बाई. यातल्या ज्यांच्याशी हिंदी-इंग्रजीत भागेल ते खोडा. उरलेल्यांत जी भाषा सर्वांत जास्त वेळा येते ती शिका, फक्त तेवढीच. दहा दिवसांच्या प्रवासासाठी दोन भाषा शिकायला घेणारे शेवटी दोन्हींतले आकडे एकमेकांत मिसळून बसतात.

तिरुपतीला टूरच्या बसने जाऊन दोन दिवसांत परत येणार असाल तर काहीच शिकू नका. आकडे ओळखता आले तरी पुरे. मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी एसटीने म्हणजे लोकल बसने करणार असाल तर तमिळ. वाटेत तिरुअनंतपुरमला एक रात्र आहे म्हणून मल्याळमच्या मागे लागण्यात अर्थ नाही. केरळात हाउसबोटीचं पॅकेज घेतलं असेल तर तिथलं सगळं बोलणं एजंटाबरोबरच होतं. हंपी-बदामी-पट्टदकल्लला कन्नड, यात दुमत नको.

राज्याच्या नावावरून भाषा ठरवली की चूक होते. मंगळुरू कर्नाटकात आहे, पण बाजारात कानावर तुळू पडते. कासरगोड केरळात आहे आणि तिथे कन्नड, तुळू दोन्ही चालतात. कारवार कर्नाटकात, घराघरांत कोंकणी. सीमाभागात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायची गरज नाही.

बेळगावात इतकी वर्षं राहून कन्नड जेमतेम येतं. आधी तेच पक्कं करावं का?

दक्षिणेत कुठेही जायचं असलं तरी आमचं उत्तर हो असंच आहे. कारण एकट्या कर्नाटकापुरतं नाही. कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम या एका कुळातल्या भाषा आहेत आणि एकीचा सांगाडा कळला की बाकीच्या परक्या राहत नाहीत. "पाहिजे, नको, आहे, नाही" हे चार शब्द चारही भाषांत असे दिसतात:

कन्नड: बेकु, बेड, ऐति (बेंगळुरूकडे इदे), इल्ल
तमिळ: वेणुम्, वेंडाम्, इरुक्कु, इल्लै
तेलुगू: कावालि, वद्दु, उंदि, लेदु
मल्याळम: वेणम्, वेंडा, उंडु, इल्ला

प्रश्नशब्दांचंही तसंच. मराठीत किती, कुठे, कधी, कोण हे सगळे क-ने सुरू होतात. तिकडे बरेचसे ऱ्हस्व ऎ-ने सुरू होतात. किती म्हणजे कन्नडात ऎष्टु, तमिळात ऎव्वळवु, तेलुगूत ऎंत, मल्याळमात ऎत्र. कुठे म्हणजे ऎल्लि, ऎंगे, ऎक्कड, ऎविडे. गर्दीत कोणी ऎ-ने सुरू होणारं काही म्हणालं की समजायचं, आपल्याला काहीतरी विचारलं जातंय.

मराठी माणसाला इथे एक फायदा आहे जो हिंदीवाल्याला नाही. मराठीची वाक्यं पुष्कळदा याच वळणाची असतात. "मला पाहिजे" हे "ननग बेकु" आणि तमिळमधलं "ऎनक्कु वेणुम्" यांच्याशी शब्दाला शब्द जुळतं. "येतो म्हणून सांग" यातलं "म्हणून" कन्नडात "अंत" होतं: "बर्तीनि अंत हेळु". "आम्ही" आणि "आपण" हा फरक तमिळमध्येही आहे: नांगळ् आणि नाम्. शिवाय ळ आपल्या जिभेवर तयारच असतो. अण्णा, अक्का, अप्पा, तूप, अडकित्ता हे शब्द तर कन्नडशी असलेल्या जुन्या शेजाराचेच.

कन्नड शिकायचं, पण कोणतं? धारवाडकडचं की बेंगळुरूचं?

प्रवास हुबळी-धारवाड, विजापूर, बागलकोट, हंपीकडे असेल तर इथलंच उत्तर कर्नाटकी. पुस्तकं आणि अ‍ॅप बहुतेक बेंगळुरू-म्हैसूर वळणाचं शिकवतात, आणि इथेच गोंधळ होतो. पुस्तकात "हेगे" (कसं) शिकलात आणि समोरचा "ह्यांग" म्हणाला. पुस्तकात "इदे" होतं आणि कानावर "ऐति" आलं. शब्द तेच, वळण वेगळं.

इथल्या बोलण्याचा प्राण म्हणजे "रि". मराठीतला आदरार्थी "हो" किंवा "जी" जे काम करतो ते हा एक छोटा प्रत्यय करतो: हौद्रि (हो), इल्लरि (नाही), बर्रि (या), कॊड्रि (द्या), ऎष्टरि (किती)? शब्द चुकला तरी रि लावलात तर माणूस दुखावत नाही. रि विसरून कंडक्टरला "कॊडु" म्हणालात तर ते मराठीत अनोळखी वडीलधाऱ्याला "दे रे" म्हटल्यासारखं होतं.

बेंगळुरू, म्हैसूर, कूर्गकडे जाणार असाल तर रि तिकडे पाहुणा वाटतो, पण चालतो. तिथे "कॊडि", "बन्नि" असं आदराचं रूप आहे. उत्तरेकडची बोली बोललात म्हणून कोणी अडवत नाही, फार तर "हुबळीकडचे काय?" असं विचारतील.

नेमकं किती शिकायचं? व्याकरण लागतं का?

व्याकरण नाही. साधारण साठ शब्द लागतात आणि त्यांतले निम्मे आकडे. लोक "तुमचं नाव काय, मी ठीक आहे" यापासून सुरुवात करतात. प्रवासात त्याचा उपयोग फार कमी. आधी आकडे, मग बेकु-बेड-ऐति-इल्ल, मग ऎष्टु-ऎल्लि-यावाग (कधी)-याक (का)-यारु (कोण)-एनु (काय), मग साकु (पुरे), गॊत्तिल्ल (माहीत नाही), सावकाश. हा शेवटचा शब्द इकडच्या कन्नडात मराठीसारखाच वापरतात, त्यामुळे "सावकाश हेळ्रि" म्हणजे हळू सांगा, हे फुकटात मिळतं.

आकड्यांकडे नीट बघा. ऒंदु, ऎरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, ऎंटु, ऒंबत्तु, हत्तु. वीस इप्पत्तु, तीस मूवत्तु, चाळीस नलवत्तु, पन्नास ऐवत्तु, साठ अरवत्तु, सत्तर ऎप्पत्तु, ऐंशी ऎंबत्तु, नव्वद तॊंबत्तु, शंभर नूरु, हजार साविर. मराठीत शंभरपर्यंतचे आकडे पाठच करावे लागतात. कन्नडात वीसच्या पुढे सरळ जोडणी आहे. आपण पंच-वीस म्हणजे आधी पाच मग वीस म्हणतो, कन्नडात आधी वीस मग पाच: इप्पत्तैदु.

घोटाळा होतो तो इप्पत्तु आणि ऎप्पत्तु यांत. वीस रुपयांची भाजी सत्तरला किंवा सत्तरची वीसला समजून भांडणं होतात ती या एका स्वरामुळे. त्याखालोखाल ऐवत्तु आणि अरवत्तु. शंका आली की बोटांनी दाखवा किंवा मोबाइलवर आकडा टाइप करून समोर धरा. यात लाज काय?

प्रश्न विचारता येतो, पण उत्तर डोक्यावरून जातं. यावर उपाय?

ही सर्वांत नेहमीची अडचण आहे, आणि ती जास्त शब्द पाठ करून सुटत नाही. "बसस्टँडला कसं जायचं?" असं सुंदर कन्नडात विचारलंत की समोरचा तितक्याच सुंदर कन्नडात पाच वाक्यं सांगतो. म्हणून प्रश्नच असा विचारायचा की उत्तर हो, नाही किंवा आकडा यांतलं एक येईल. "ई बस्सु गोकाकक्क होगतैतेनरि?" म्हणजे ही बस गोकाकला जाते का. उत्तर हौदु नाहीतर इल्ल. "ऎष्टु गंटेक्क?" म्हणजे किती वाजता. उत्तर आकडा. वाट विचारायची तर हात करून "ई कडे?" म्हणजे इकडे?

दुसरा उपाय म्हणजे समोरच्याची वाक्यं आधीच ओळखून ठेवणं. कंडक्टर काही हजार वाक्यं बोलत नाही. "ऎल्लिगि?" म्हणजे कुठलं तिकीट. "ऎष्टु मंदि?" किती जण. "चिल्लर कॊड्रि" सुटे द्या. "मुंद होग्रि" पुढे सरका. "हत्रि" चढा, "इळीरि" उतरा. महिलांना "आधार कार्ड तोर्सरि", कारण ११ जून २०२३पासून कर्नाटकातल्या रहिवासी महिलांना राज्याच्या साध्या सरकारी बसमध्ये ओळखपत्र दाखवून शून्य रुपयांचं तिकीट मिळतं. ही सहा-सात वाक्यं कानात बसली की वायव्य कर्नाटकच्या लाल बसमधला प्रवास सुरळीत होतो.

"इल्ल" आणि "अल्ल" यांतला फरकही लक्षात ठेवा. इल्ल म्हणजे नाही, उपलब्ध नाही, होत नाही. अल्ल म्हणजे हे ते नव्हे. "ही गोकाकची बस का?" याला "अल्लरि" आलं तर बस दुसरीच आहे. "गोकाकची बस आहे का?" याला "इल्लरि" आलं तर बसच नाही, आणि मग थांबण्यात हशील नाही.

उच्चारात मराठी माणूस कुठे घसरतो?

तीन ठिकाणी. पहिलं, स्वर लांब करणं. बॆले म्हणजे किंमत, बेळे म्हणजे डाळ, बॆळे म्हणजे पीक. आपल्या कानाला तिन्ही जवळजवळ एकच. दुसरं, जोडाक्षर सैल सोडणं. हालु म्हणजे दूध, हल्लु म्हणजे दात, हाळु म्हणजे नासलेलं, बिघडलेलं. टपरीवर "हल्लु बेकु" म्हणालात तर चहावाला दात दाखवेल, आणि दोन्ही अर्थांनी. अन्न म्हणजे भात आणि अण्ण म्हणजे मोठा भाऊ; जेवायला बसून "अण्ण साकु" म्हणू नका.

तिसरं, च आणि ज. मराठीत चमचा, जग यांत जो दाताजवळचा उच्चार आहे तो कन्नडात नाही. तिथे च नेहमी चंद्रातला, ज नेहमी जीवनातला. चुकलं तर अर्थ बदलत नाही, फक्त मराठी माणूस लगेच ओळखू येतो. त्यावर वेळ घालवू नका. आधी स्वर सुधारा.

लिपी शिकावी का?

कन्नडची, हो. वर्णमालेचा क्रम आपलाच आहे, क-ख-ग-घ, फक्त ऱ्हस्व ऎ आणि ऒ जास्तीचे. बहुतेक अक्षरांवरच्या खुणेला तलकट्टु म्हणतात. आपली शिरोरेघ सलग, त्यांची सुटी सुटी. सगळी अक्षरं एकदम शिकण्यापेक्षा जिथे जायचंय ती सात-आठ गावांची नावं कन्नडात लिहून घ्या आणि चित्रासारखी ओळखा. बसच्या पाट्या बहुधा फक्त कन्नडात असतात, आणि गाडी फलाटावर दोन मिनिटं थांबली की विचारायला वेळ नसतो. कन्नड आकड्यांतले २, ३, ४ आपल्या आकड्यांची आठवण करून देतात. ६ आणि ९ मात्र एकमेकांसारखे दिसतात, तिथे जपून.

कन्नड लिपी आली की तेलुगू पाट्या अर्ध्याअधिक वाचता येतात, कारण दोन्ही लिप्या सख्ख्या बहिणी आहेत. गुजराती म्हणजे शिरोरेघ काढलेली देवनागरी म्हणा ना, दोन संध्याकाळचं काम. तमिळ लिपीत अक्षरं थोडी, पण क आणि ग यांना एकच अक्षर, त आणि द यांनाही एकच. नवख्याला वाचता आलं तरी उच्चार ठरवता येत नाही. छोट्या प्रवासासाठी तमिळ लिपीचा नाद सोडा. मल्याळमचाही.

गोव्याला आणि कारवारला जातो तेव्हा कोंकणी शिकायची गरज आहे का? मराठी समजतातच की.

समजतात, आणि पुष्कळ जण उत्तरही मराठीतच देतात. बोलायला शिकण्यापेक्षा ऐकायला शिका. कितलें म्हणजे किती, खंय म्हणजे कुठे, उदक पाणी, शीत भात, नुस्तें मासे, आयज आज, फाल्यां उद्या. फसवणारा शब्द एकच: जाय. कोंकणीत "म्हाका जाय" म्हणजे मला पाहिजे. "जा" म्हणायचं तर वच. मासेवालीने "जाय?" विचारलं आणि आपण हाकलतेय समजून निघून गेलो, असं होऊ नये. आभार मानायचे तर "देव बरें करूं" गोव्यात सगळीकडे गोड लागतं.

एक पथ्य पाळा. कोंकणी ही मराठीची बोली आहे, हे तिथे जाऊन सांगू नका. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये तिला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९८७च्या कायद्याने ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली. आपल्या भाषेला कोणी कमी लेखलं की कसं वाटतं हे बेळगावच्या मराठी माणसाला तरी माहीत आहे. गोव्यात कोंकणी देवनागरीत आणि रोमी लिपीत, तर मंगळुरूकडे कन्नड लिपीत दिसेल. कारवारची आणि मडगावची कोंकणीही एकसारखी नाही.

तमिळ, तेलुगू, मल्याळम यांतली एकच शिकायची तर?

तमिळ. ती सोपी आहे म्हणून हे म्हणत नाही. गरज तिथे सर्वांत जास्त आहे. तेलुगू भागात तेलंगणच्या बाजूला दखनी-हिंदी मदतीला येते. तमिळनाडूच्या आतल्या भागात काहीच येत नाही. "मदुरैक्कु पोगुमा?" म्हणजे मदुराईला जाईल का, एवढं वाक्य गाव बदलून सगळीकडे वापरता येतं. रामेश्वरम् असेल तर रामेश्वरत्तुक्कु. वाक्याच्या शेवटी आदराचा "ङ्ग" लावायचा: सॊल्लुंग (सांगा), निरुत्तुंग (थांबवा). कन्नडातल्या रि-चा हा तमिळ भाऊ.

तेलुगूत ते काम "अंडि" करतो: चॆप्पंडि, म्हणजे सांगा.

उत्तरेला किंवा पूर्वेला जायचं असेल तर?

तिकडे हिंदी पुरते, त्यामुळे हे उत्तर थोडक्यात. गुजरातेत केटला (किती), क्यां (कुठे), जोईए छे (पाहिजे), नथी (नाही) एवढ्यावर दुकानदाराचा चेहरा खुलतो. बंगालात कतो, कोथाय, लागबे, नेई. लागबे ऐकून मराठीतलं "लागेल" आठवलं तर बरोबर आठवलं. तिथे पाणी पितात असं न म्हणता "जल खाबो" म्हणतात, दचकू नका. मेघालय आणि नागालँडची राजभाषा इंग्रजी आहे, नागालँडच्या बाजारात नागामीज चालते. अरुणाचलात हिंदी चांगली चालते. लडाखला "जुले" हा एक शब्द नमस्कार, धन्यवाद आणि निरोप, तिन्हीला पुरतो.

हाक कशी मारायची?

कन्नडात पुरुषाला अण्णा, बाईला अक्का, वयस्क बाईला अव्वा किंवा अम्मा, म्हाताऱ्याला अज्जा. हे आपल्याच घरातले शब्द असल्यामुळे अडखळायला होत नाही. तमिळात अण्णा आणि अक्का तसेच. केरळात चेट्टा आणि चेची. बंगालात दादा, दीदी. गुजरातेत भाई, बेन.

बेळगावच्या बोलीतलं "काय बे" बाहेर मुळीच नको. मित्रात ते प्रेम, परगावी ते भांडण.

मोबाइलवर भाषांतर होतं. मग पाठ कशाला करायचं?

पाटी वाचायला, औषधाच्या दुकानात नेमका त्रास सांगायला, लॉजवाल्याला लांब निरोप धाडायला मोबाइल उत्तम. गूगल ट्रान्सलेटमध्ये २०२२ मध्ये कोंकणी आणि २०२४ मध्ये तुळूही आली. पण चालत्या बसमध्ये, बाजाराच्या गोंगाटात आवाजी भाषांतर अडखळतं. शिवाय ते छापील भाषा बोलतं. उत्तर कर्नाटकातल्या आजीचं "ह्यांग अदीरि" (कसे आहात) त्याला नीट ऐकू येत नाही. चोर्ला, अनमोड, आंबोली घाटांत आणि दांडेलीच्या जंगलात रेंज जाते. निघण्याआधी वायफायवर त्या भाषेचा ऑफलाइन संच उतरवून घ्या आणि विमान मोड लावून एकदा चालतो का ते घरीच बघा. हे न करणारे घाटात अडकतात.

सीमाभागात भाषेवरून ताण असतो. आधी कोणत्या भाषेत बोलावं?

समोरचा माणूस ज्या कामात आहे त्याच्या भाषेत सुरुवात करा, नंतर त्याने मराठीत बदललं तर तुम्हीही बदला. सरकारी बस, पोलीस, तहसील कार्यालय इथे "नमस्काररि" म्हणून कन्नडात पहिलं वाक्य टाकलं की पुढचं मराठी-हिंदी मिश्र बोलणं सहज खपतं. मोडकं कन्नड बोलल्याने कोणाचं मराठीपण कमी होत नाही.

दिवसांचं भान ठेवा. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव असतो आणि बेळगावात मराठी संघटना तोच दिवस काळा दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी शहरात मिरवणुका, बंद रस्ते असतात. सुवर्णसौधमधल्या कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात बंदोबस्त असतो. ताण वाढला की दोन्ही राज्यांच्या बस सीमेपर्यंतच येतात किंवा थांबतात. अशा दिवसांत कोल्हापूर, पुणे, मिरजकडे जायचं असेल तर रेल्वेचं तिकीट काढून ठेवणं शहाणपणाचं.

वेळ किती लागतो आणि सराव कुठे करायचा?

तीन आठवडे, रोज वीस मिनिटं. पहिला आठवडा फक्त आकडे, आणि तेही ऐकून. घरातल्या कोणीतरी वीस भाव वाटेल त्या क्रमाने कन्नडात म्हणायचे, तुम्ही आकड्यांत लिहायचे. वीसपैकी अठरा बरोबर येईपर्यंत पुढे जायचं नाही. म्हणता येणं सोपं असतं. ऐकून ओळखणं अवघड, आणि प्रवासात तेच लागतं. दुसऱ्या आठवड्यात साठ शब्द आणि कंडक्टरची वाक्यं. तिसऱ्या आठवड्यात बाहेर पडा.

बेळगावकरांना यासाठी क्लास लागत नाही. रविवार पेठ, खडेबाजार, गणपत गल्ली इथे आसपासच्या कन्नड खेड्यांतून माल घेऊन आलेली माणसं भेटतात. भाव मराठीत विचारायची सवय मोडा, एवढंच. सीबीटीवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उभं राहून पाट्या वाचा. गोकाक, घटप्रभा किंवा सौंदत्तीची एक फेरी लाल बसने करा. सौंदत्तीला एल्लम्माच्या डोंगरावर महाराष्ट्रातून भक्त येत असल्याने दुकानदार मराठी समजतात, म्हणून तिथे नव्हे तर खाली गावात बोला. गोकाकहून करदंट घेताना "ऒंदु किलो ऎष्टरि?" विचारून आलेलं उत्तर एकदाही "क्या?" न म्हणता कळलं, तर बदामी-हंपीला निघायला हरकत नाही.

तमिळ किंवा तेलुगूसाठी घरी सराव देणारं कोणी नसेल तर त्या भाषेतल्या रेडिओवरच्या बातम्यांतले आकडे, तारखा, तापमान टिपत बसा. बाकी काही कळलं नाही तरी चालेल.

पुण्या-कोल्हापूरचे पाहुणे बेळगावला येणार आहेत. त्यांना काय शिकून यायला सांगू?

शहरात आणि खानापूर, निपाणीकडे मराठीवर त्यांचं सगळं होईल. कुंदा घ्यायला तर कोणतीच भाषा लागत नाही. पुढे सौंदत्ती, कित्तूर, बदामी करणार असतील तर वरचे आकडे, ऎष्टु, ऎल्लि, बेकु, बेड, साकु आणि रि एवढं कागदावर लिहून खिशात ठेवायला सांगा. आणि जेवताना "खार कम्मि हाक्रि", म्हणजे तिखट कमी घाला. कोल्हापूरकरांना हे शेवटचं वाक्य लागणार नाही.